खोतांच्या बाकाखालचं पेट्रोल

पाली ते रत्नागिरी मोटार हाकणाऱ्या गुलाम रसूलला पेट्रोल मोजायचं भारी वेड. एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट; गाडी जुन्या घडणीची फोर्ड. टाकी पुढच्या बाकाखाली आणि काटाबिटा काही नाही. म्हणून तो दर थांब्याला पुढचे उतारू उठवी, बाक उचली आणि लाल धुळीत घोळलेली बांबूची काठी टाकीत बुडवी. ओली रेघ बोटांनी मोजी. चार बोटं भरली की बंदरापर्यंत घोर नाही. लोक वैतागत. पण सात वर्षांत त्याची मोटार पेट्रोलावाचून कधी अडली नव्हती, आणि हे तो कुणी न विचारता सांगे.

एका चैत्रात पुढच्या बाकावर गावचे खोत येऊन बसले. खोतांना 'उठा' म्हणायची त्या मुलखात रीत नव्हती. ते आले की बाकीचे उठत. गुलाम रसूल काठी घेऊन दोनदा त्यांच्यापाशी गेला.

"काय रे?" खोतांनी विचारलं.

"काय नाय. ऊन लय हाय," म्हणत त्याने काठी मागे ठेवली आणि अंदाजपंचे गाडी सोडली.

मागे गोदूबाई बसली होती. तिचा एकुलता एक सदू दुपारच्या आगबोटीने मुंबईला आणि तिथून आफ्रिकेला निघाला होता. पाच वर्षांचा करार. सकाळी आईशी भांडून, तिच्या पाया न पडता चालत गेला होता. बोट सुटायच्या आत तिला त्याला गाठायचं होतं.

अर्ध्या चढणीवर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. उकाड्याने खोत आपणहून उतरले. काठी दीड बोट भिजली. सपाटीला तेवढं पुरलं असतं; चढणीला पेट्रोल मागे सरे आणि इंजिनाला थेंब मिळेना. गुलाम रसूलने मोटार फिरवली आणि उलटी चढवायला घेतली, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली. पुन्हा बाकावर बसलेले खोत छत्री मांडीवर धरून, आपल्या गावाकडे तोंड करून डोंगर चढू लागले.

"म्हागारी चाललो काय रं?" गोदूबाईने विचारलं.

"नाय गो बाय. बंदरालाच."

यात पाऊण तास गेला. बंदरावर पोचले तेव्हा उतारूंना नेणारी मोठी होडी, पडाव, खोल पाण्यात उभ्या आगबोटीला जाऊन लागली होती. गोदूबाई पाण्यापर्यंत धावली. तिच्या मागोमाग गुलाम रसूल. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"बाय, काठी माज्या हातात व्हती. खोतांना उठा म्हनायला जीभ नाय उचलली माजी."

गोदूबाईचं लक्ष नव्हतं. ती डोळ्यांवर हात धरून आगबोटीच्या शिडीकडे बघत होती.

"त्यो बग, पांढऱ्या टोपीवाला. त्योच ना रं?"

शिडीवर पांढऱ्या टोप्या तीन होत्या, तिन्ही पाठमोऱ्या.

"व्हय," गुलाम रसूल म्हणाला, "वळून बगतोय तुज्याकडं."