पाटाखालच्या तीन शिट्ट्या

गेल्या मंगळवारी आमच्या ठाकुर्लीच्या घरी कुकरमधील डाळ करपली. मी भाजी घेऊन वर आलो तेव्हा जळका वास जिन्यापर्यंत आला होता… आणि माझी पत्नी इंदू, गॅसपासून चार हातांवर, देव्हाऱ्यासमोर उदबत्तीच्या दरवळात पाटावर शांतपणे जप करीत बसली होती.

गेले वर्षभर तिला कमी ऐकू येते. कानाचे यंत्र आणलेले आहे. ते डबीत अत्यंत सुरक्षित आहे.

संध्याकाळी सूनबाई माजिवड्याच्या ऑफिसातून आली. ती रागावली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. "आई, उद्यापासून कुकर मीच लावून जाईन. तुम्ही आराम करा हं," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंदू स्वच्छ ओट्यापुढे हात मांडीवर ठेवून बसली होती. मला ते पाहवेना…

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. परंतु डोंबिवलीच्या कारखान्यात चौतीस वर्षे वायरमन होतो आणि बंद पडलेली कोणतीही वस्तू मी भंगारात दिलेली नाही. पलंगाखालच्या माझ्या खोक्याला घरातील मंडळी कचरा म्हणतात. त्या कचऱ्यातून मी जुना टेपरेकॉर्डर काढला.

त्यातील पितळेची पातळ पट्टी मी कुकरच्या शिट्टीच्या वर, तारेच्या स्टँडवर बसवली. वाफेने पट्टी उचलली की दोन तारा जुळाव्यात आणि देव्हाऱ्याजवळ लाल दिवा लागावा, अशी योजना होती. दोन पेन्सिल सेलवर दिवा उत्तम लागला आणि मी तिला मोठ्या ऐटीत हाक मारली.

ती दिव्याकडे पाहून हसू लागली. "अहो, जप करताना मी डोळे मिटते. आयुष्यभर लोकांकडे उजेड पाडलात, आता माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे पाडा!"

ती कुकर लावून जपाला बसते आणि तिसऱ्या शिट्टीला उठते, हे मला ठाऊक होते. डोळे मिटते, हे ठाऊक नव्हते… नोकरीत असताना मी त्या वेळी घराबाहेर असे आणि निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला जप करताना एकदाही नीट पाहिले नव्हते.

म्हणून दुसऱ्या दिवशी पाहिले. मिटलेले डोळे, हलणारे ओठ, बोटांतून सरकणारी माळ… आणि खाली तो लाकडी पाट.

नातीचा व्हिडिओ गेमचा रिमोट मोडून पडला होता. खेळात धक्का बसला की तो हातात थरथरत असे. "आजोबा, तो मेलाय," ती म्हणाली. "मोटर जिवंत आहे, बाळ," मी सांगितले. दिव्याच्या जागी ती मोटर जोडली आणि पाटाखाली घट्ट बसवली.

रविवारी सूनबाई घरी असताना इंदूने कुकर लावला आणि डोळे मिटले. मी, सूनबाई आणि नात दारात उभे होतो. पुन्हा डाळ करपली असती, तर तिला ओट्यापाशी परत कोण जाऊ देणार होते?

पहिली शिट्टी झाली. पाट थरथरला. "अगं बाई!" म्हणून ती दचकली, पण डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या शिट्टीला तिने डाव्या हाताची दोन बोटे वर केली… आणि तिसरीला उठून गॅस बंद केला. मग पुन्हा पाटावर बसून तिने उरलेली माळ पुरी केली.

"आई, उद्याचा कुकर तुमचा," सूनबाई म्हणाली. "मलाही तेवढीच दहा मिनिटे झोप."

तेव्हापासून रोज त्या वेळी मी वर्तमानपत्राची घडी घालून बाजूला ठेवतो आणि तिच्याकडे पाहत बसतो. उशिरा का होईना, हे पाहणे माझ्या वाट्याला आले, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. घरात मात्र मी असे सांगितले आहे की, पाटाखालचे यंत्र नवीन आहे, त्यावर लक्ष ठेवावे लागते…