हरिकेनची काच

गिरगावात मनमोहन कोठाऱ्यांना ‘विमानवाले’ म्हणतात, आणि हा त्यांच्या धंद्यावर शुद्ध अन्याय आहे. उभी हयात त्यांनी दातांच्या कवळ्या केल्या. एके काळी आमच्या आळीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी सुके बोंबील चावत होती. पण कवळी कोणी चारचौघांत काढून दाखवत नाही, विमान मात्र कपाटात दिसतं. तेव्हा नाव पडलं ते विमानांवरून.

ही विमानं म्हणजे खोक्यातून सुट्या भागांत येणारी, दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं. प्लास्टिकचे नखाएवढे तुकडे चिमट्याने धरायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. वर्षाला एकच विमान. खंडेनवमीला ते पूजेच्या पाटावर बसायचं, कवळ्या कोरायच्या हत्यारांशेजारी, पंखावर झेंडूचं फूल घेऊन. घरचा नियम असा, की अर्धवट वस्तू पूजेला ठेवायची नाही आणि एकदा ठेवली की दसरा सरेपर्यंत तिला हात लावायचा नाही. हा नियम कोणी केला ते विचारू नये. पाठारे प्रभूंच्या घरात खाणं आणि रीतिरिवाज दोन्ही पोटभर असतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग सहीचं नागमोडी काहीतरी व्हायला लागलं. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळी घेतली की सकाळी थोडा वेळ हात ऐकायचा, पुढे दिवसभर त्याचं तो बघायचा. मनमोहन नलूला म्हणाले, हे शेवटचं विमान, पण पूर्ण माझ्या हातचं. नलू म्हणजे त्यांची बायको. ती पोळ्या लाटत राहिली.

शेवटचं म्हणून त्यांनी हरिकेन नावाचं विमान काढलं. जपून ठेवलेलं खोकं होतं ते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या पोरांनी हेच उडवलेलं. आत बसवायचा वैमानिक गव्हाच्या दाण्याएवढा, त्याचा चेहरा रंगवायलाच आषाढ गेला. हात हलला की पुसायचं, परत गोळीची वाट बघायची. एकदा त्यांनी ब्रश भिंतीवर फेकला आणि मग स्वतःच वाकून शोधत बसले. नलूने तेही पाहिलं. असं करत करत नवरात्रापर्यंत सगळं झालं, राहिली फक्त वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच.

काच एकच. बिघडली तर दुसरी मिळणार नाही. ती पांढऱ्या गोंदाने, काडीच्या टोकाने, धीराने बसवायची असते. मनमोहननी ठरवलं, खंडेनवमीला सकाळी, गोळी लागू पडली की बसवायची. आदल्या आठवड्यात ते रोज एका फुटक्या बाटलीच्या काचेवर काडी टेकवायचा सराव करत. चारदा टेकवली तर एकदा नेमकी टेकायची. एकदा पुरे, असं ते म्हणायचे.

खंडेनवमीच्या सकाळी नलूने त्यांना फुलं आणायला पिटाळलं. गोळी लागू पडायची तीच वेळ, पण ती म्हणाली, नंतर झेंडू शिळा मिळतो. ते गेले. ठाकूरद्वारच्या नाक्यावर गर्दी होती, वेळ लागला. परत आले तर पाटावर हत्यारं मांडलेली आणि विमानावर भरतकामाचा रुमाल टाकलेला.

“ठेवलंय पूजेला. आता हात लावायचा नाही हं,” नलू म्हणाली.

त्यांनी टेबलावर पाहिलं. काच ठेवलेली डबी रिकामी होती. त्यांना सगळं समजलं, आणि ते फुलं निवडायला बसले. राग आला होता, पण त्याहून जास्त काळजी वाटत होती. इतकी वर्षं बघतेय, पांढराच गोंद घेतला असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

नलूने पांढरा घेतला नव्हता. ते परत यायच्या आत चिकटायला हवं, म्हणून तिने चपला जोडायचा झटपट गोंद घेतला होता. त्या गोंदाची वाफ कोंडली की आतून काच धुरकट होते, हे तिला कोण सांगणार? तिने काच मात्र अगदी सरळ बसवली होती.

दसऱ्याला रुमाल काढला तेव्हा काच दुधासारखी पांढरी झाली होती. आतला माणूस दिसतच नव्हता. नियम विसरून नलूने पदराने पुसलं, परत पुसलं. दुपारी पुतण्या शंतनु सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात देऊन तो वाकून विमान बघत राहिला. काकांचा हात अजून तसाच आहे, असं तो मनापासून म्हणाला. काच पांढरी का, असंही त्याने विचारलं. ब्रह्मदेशात धुकं फार, असं मनमोहननी सांगितलं. शंतनु हसला. नलू स्वयंपाकघरात गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही.

तो गेल्यावर ती येऊन पाटासमोर बसली. काच निघेल का, असं तिने विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“मला वाटलं, तुमच्याच्यानं होणार नाही,” ती म्हणाली. “नाही झालं असतं तर तुमच्याकडे बघवलं नसतं मला.”

इतके महिने घरात कोणी हे बोललं नव्हतं.

“नसतंच झालं, नलू,” मनमोहन म्हणाले. तिची समजूत घालायला म्हणून ते हे बोलले, आणि बोलल्यावर त्यांना कळलं की हे खरंच आहे.

ती रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं त्यांना फार वाटलं. पण तो थरथरता हात तिला पाठीवर जाणवला असता, म्हणून त्यांनी ठेवला नाही.