धरणेंद्र गुरुजींचं सहाशे सहा

आष्ट्याच्या धरणेंद्र गुरुजींनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. रिटायर झाले तरी खडू काही सुटला नाही. बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, फळ्यावर रोज तिथी आणि महावीरांच्या निर्वाणापासून मोजलेलं वीर निर्वाण संवत लिहायचं, ते त्यांनीच. दुसऱ्यानं हात लावला की संपलंच!

त्यांची लेक सुंदरी कोरेगावच्या शाळेत शिकवते. शाळेच्या भिंतीवर तिला इसवी सन ७९ रंगवायचं होतं. त्या साली रोमकडं ज्वालामुखीनं अख्खं गाव गाडलं. तेव्हा आपल्याकडं कुठलं साल होतं, एवढंच तिनं विचारलं. गुरुजींनी फोनवरच ठोकून दिलं, "रोम वसल्यापासूनचं आठशे बत्तीस, वीर निर्वाण सहाशे पाच. लिही!"

दिवाळीला पहाटे निर्वाण लाडू चढवून गुरुजी फळ्याकडं वळले. जुना आकडा पुसला, नवा लिहिला आणि हात तिथंच थबकला. अरे देवा! आपलं साल दिवाळीला बदलतं. म्हणजे त्या ७९ सालीही दिवाळीपर्यंत सहाशे पाच आणि पुढं सहाशे सहा. एका सालाला दोन आकडे!

आणि मग त्यांना सुंदरी आठवली, त्यांच्याच वर्गातली, आठवीतली. पेपरात तिनं असेच दोन आकडे लिहिले होते. गुरुजींनी भर वर्गात लाल रेघ मारली होती. "ठरवता येत न्हाई व्हय गं एक?" पोरगी रडली. तिचा पहिला नंबर गेला आणि पुढं तिनं गणित घेतलं, इतिहासाचं पुस्तक म्हणून उघडलं नाही.

घरात फराळ मांडलेला. गुरुजींना घास उतरेना. येरझाऱ्या घालून बायकोचं डोकं उठवलं आणि शेवटी पिशवी उचलून एस्टी गाठली. साताऱ्याला गाडी बदलायची, ती वेळेवर येईल तर शपथ. वाटेत एकच धास्ती: त्या पोरीला आता कोणत्या तोंडानं सांगायचं?

सुंदरीनं काही न विचारता शाळेची किल्ली घेतली. भिंतीवर सगळं रंगवून झालं होतं. वीर निर्वाणापुढची जागा तेवढी कोरी होती आणि तिथं पेन्सिलीनं बारीक लिहिलं होतं, ६०५–६०६.

"तुला ठाऊक हुतं? मग मला विचारलंस कशाला?"

"तुमी काय सांगताय ते बघत होते."

"आगं, चुकलो तर बोलायचं न्हाई व्हय?"

"आठवीत बोलले होते की, आप्पा."

गुरुजींना लय लागलं. त्यांनी तिच्याकडून ब्रश मागून घेतला आणि तिचे दोन्ही आकडे रंगवले, लाल रंगात.