अंगणातला तुतीचा बुंधा

दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी पिळून पिळून आत्याचे दंड पैलवानासारखे झाले होते, आणि जीभ त्याहून दणकट. भाऊ गेल्यापासून घराच्या एका खोलीत ती आणि दोन खोल्यांत वहिनी, अशी वाटणी होती. नळ एक, अंगण एक, आणि बोलणं टोमण्यांपुरतं.

अंगणातली तुती भावानं लावलेली. तिच्या फळांचे जांभळे डाग वहिनीच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत. एक दिवस आत्या कामावरून आली, तर झाडाच्या जागी नुसता गुडघाभर बुंधा.

"डाग मी काढून दिले असते," आत्या म्हणाली.

"तुम्ही दवाखान्याचे काढता तेवढे पुरेत, वन्सं," वहिनी दारातूनच म्हणाली. "उद्या माणूस येतोय. हेही उपटून टाकेल."

"हात लावून बघू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी आत्यानं रजा टाकली आणि बुंध्यावर ठाण मांडलं. माणूस आला, दोघींची तोंडं पाहिली आणि आल्या पावली परत गेला. येता-जाता वहिनीच्या डोळ्यांत बुंधा खुपावा, एवढंच आत्याला हवं होतं.

पण भरलेली बादली घेऊन नळावरून येताना तिचाच पाय त्याला अडखळला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर होतं तोवर दोन्ही वेळचं ताट वहिनीनं आणून दिलं. दारात ठेवायची आणि वळायची. भाजीत मीठ कमी असे. मुद्दामच, याबद्दल आत्याला शंका नव्हती. तरी ताट चाटूनपुसून स्वच्छ व्हायचं, याचाच तिला जास्त संताप येई.

प्लास्टर निघाल्यावर पहिल्याच सुट्टीला तिनं शेजारून कुदळ, कुऱ्हाड आणि पहार मागून आणली.

खिडकीतून वहिनी म्हणाली, "का हो? भावाची आठवण होती ना ती?"

"आठवण माझ्याजवळ आहे. हे तुमचं पाप आहे, ते काढतेय."

आदल्या रात्री ओतलेल्या पाण्यानं माती मऊ झाली होती. आत्यानं भोवतीनं खणलं, बाजूची मुळं एकेक करून तोडली. पण खाली गेलेलं जाड मूळ काही हलेना, आणि मनगट ठणकू लागलं. तेव्हा वहिनी पदर खोचून बाहेर आली.

"सरका."

"तुमची मदत नकोय मला."

"मदत कोण करतंय? मनगट पुन्हा मोडलं तर रांधायचं मलाच आहे."

पहारीखाली वीट लावून दोघींनी अंगाचा भार टाकला, खांद्याला खांदा लावून. वहिनीला इतक्या जवळून आत्यानं कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलेलं, गाल बसलेले. आत्याला बरं वाटलं.

मूळ कडाडून तुटलं आणि दोघी चिखलात बसल्या. हसलं कुणीच नाही. ओढत ओढत त्यांनी बुंधा फाटकाबाहेर नेऊन टाकला.

"खड्डा?" वहिनीनं विचारलं.

"झाड तुम्ही तोडलंत."

"बुंधा तुम्ही अडवलात."

संध्याकाळी आत्यानं खड्ड्याच्या मधोमध विटा रचल्या, आपल्या बाजूचा अर्धा भरून धोपटला आणि पाय धुऊन आत गेली. वहिनीनं आपल्या अर्ध्याला हात लावला नाही.

वहिनीची लेक माहेरी आली, तेव्हा तिला स्कूटर फाटकाबाहेरच लावावी लागली.

"आत्या, हा अर्धा खड्डा कसला गं?"

"आईला विचार," आत्या म्हणाली आणि दार लोटून घेतलं.