आपापली वाटी

“आपापली वाटी घ्या!”

डबा उघडण्याआधी भाऊ हे म्हणणारच. अकोल्याला आमच्या शाळेची प्रयोगशाळा ते सांभाळत. आम्ही शिक्षक एकमेकांच्या डब्यात खुशाल हात घालायचो. भाऊंच्या डब्यात मात्र फक्त चमचा, तोही त्यांचाच.

“उष्टं मले चालत नाही, सर. बायकोच्या ताटातलंही खाल्लं नाही कधी,” हे ते अगदी अभिमानाने सांगत. आम्ही हसायचो. बायको गेल्यावर मात्र हे वाक्य त्यांनी सोडलं.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलाने परदेशात लग्न केलं. सून मेक्सिकोची. भाऊ दोन वर्षं रुसले. मग एक दिवस मला बोलावणं आलं.

“पोरगी पयल्यांदा घरी येऊन राहिली, सर. तिले परकं वाटलं तं पुन्हा कायले येईल?”

मुलाला फोनवर विचारून विचारून त्यांनी तिच्या माहेरचा पदार्थ शिकून घेतला होता. लोण्यावर कांदा-मिरची, दूध, मग मंद आचेवर मूठमूठ किसलेलं चीज. बुडवून खायला ज्वारीच्या भाकरीचे कडक तुकडे. कढईपासून ते हलायला तयार नव्हते. आणि मग, सवयीने, सगळं चार वाट्यांत ओतून मोकळे झाले!

मुलगा-सून आली. नमस्कार, चहा, फोटो यात अर्धा तास गेला. वाटीतलं चीज घट्ट झालं. सुनेने तुकडा बुडवला, तो आतच मोडला. भाऊंचं तोंड एवढंसं झालं.

“बाबा, हे एकाच भांड्यातून खातात. गरम गरम, सगळे मिळून,” मुलगा हळूच म्हणाला.

भाऊंनी उठून चारही वाट्या कढईत रिकाम्या केल्या, दूध घालून चीज पुन्हा सैल केलं आणि कढई आमच्या मधोमध ठेवली. सुनेने तुकडा बुडवला, चावला, आणि उरलेला पुन्हा बुडवला. भाऊंनी बघितलं. मग तिथेच आपला तुकडा बुडवला.

“घ्या ना, सर! थंडं होऊन राहिलं.”

भाऊ गेले त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाला दोघं आली होती. दुसऱ्या दिवशी सुनेने त्याच कढईत तोच पदार्थ केला. सासऱ्यांसाठी थोडं वेगळं काढायला ती फडताळात त्यांची वाटी शोधू लागली.

“राहू दे, बेटा,” मी म्हटलं. “ते कढईतूनच खातात.”