सदारामच्या घरचा धूर

निर्धूर चुलीच्या स्कीमवर काम केलं की किस्से आढ्यावरच्या काजळीसारखे जमतात. झटकायला जावं तर आपल्याच अंगावर पडतात! ऐंशी सालानंतरची गोष्ट. तुमसर तालुक्यात मी चुली बसवत फिरायचो, सोबत डोमाजी मिस्त्री. घरातला धूर नळीनं बाहेर काढायचा, एवढंच काम. सोपं वाटतं ना?

सिहोऱ्यात पहिली चूल सदारामच्या घरी बसवली. त्याची बायको अनसूयाबाई फुंकणी तोंडाला लावायची की खोकल्याची उबळ सुरू. डॉक्टरांनी बजावलं होतं, धुरात बसू नका. मग बसणार कुठे? आठवड्यानं बघतो तर नव्या चुलीला हळदकुंकू, आणि बाई जुन्या चुलीवर भात रांधत खोकतेय!

"काहून वो बाई?" मी विचारलं.

"इतकी सुंदर चूल, काळी नाही होणार का?"

कशीबशी समजूत घातली. नवी चूल पेटली, तर शेजारीण भांडायला हजर. डोमाजीनं नळी थेट तिच्या खिडकीसमोर काढली होती.

"यायची भाजी करपली तं पहिले मले समजते," ती म्हणाली. मग नळी छपराच्या वर नेली.

तपासणीला साहेब आले. स्वयंपाकघरात उभं राहून शुद्ध हवेवर लांबलचक बोलले. बोलता बोलता सिगरेट पेटवली.

अनसूयाबाईनं पाट सरकवला. "साहेब, चुलीजवळ बसा. नळी तिथं हाये."

बाईचा खोकला थांबला. मला फार बरं वाटलं. पण पावसाळा सरला आणि सदाराम ऑफिसात आला. छपराच्या बांबूंना भुंगा लागला होता, ताटात भुसा पडत होता.

"धुरानं बांबू टिकून होते. धूर वापस द्या, नाही तं चूल फोडतो."

आमच्या स्कीममध्ये धूर परत द्यायची सोय नव्हती. आणि माणूस खोटंही बोलत नव्हता. छप्पर वाचवायचं की बाई? महिन्याभरात येऊन बघतो म्हणत साहेबांनी त्याला वाटेला लावलं.

महिन्याभरानं साहेबांना घेऊन गेलो. चूल फोडली असेल, असं मी वाटेतच धरून चाललो होतो. अंगणात पोचलो तर घरातून धूर, वर खोकल्याचा आवाज!

साहेब आत गेले, मागून मीही. अनसूयाबाई नव्या चुलीवर निवांत भात रांधत होती. मागच्या खोलीत सदाराम जुन्या चुलीत ओली लाकडं घालून छपराला धूर देत होता. खोकून खोकून डोळे लाल!

साहेब गोंधळले. "बाई, मी लिहू काय? घर बिनधुराचं की धुराचं?"

बाईनं भातावरचं झाकण काढलं.

"चूल बिनधुराची हाये, साहेब. मालक नाही."