मांडीवरचा डबा

खांदा कॉलनीच्या शेअर रिक्षात शेजारच्या मुलीच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता. खड्डा आला की ती तो अलगद उचलून धरी. आमच्या खड्ड्यांत तर उंटसुद्धा बुडतो!

“पापलेट का गं?”

“रक्तवाहिन्या, काका. सिलिकॉनच्या. आतून जिवंत पेशींचं अस्तर आहे. लॅबमध्ये त्यातून अँजिओप्लास्टीची तार घालतो आणि अस्तर किती खरवडलं ते बघतो.”

दुसऱ्याच दिवशी माझी अँजिओप्लास्टी होती. छातीत बैलगाड्यांची शर्यत सुटली.

“मग एवढं जपतेस कशाला? खरवडायचंच आहे ना?”

“गचक्यानं अस्तर इथेच सुटलं, तर तारेवर खोटा आळ येईल. आणि खरवडणाऱ्या तारेचा दोष गचक्यावर गेला, तर ती तार माणसात जाईल.”

पुढचा खड्डा आला, तेव्हा डब्याखाली माझेही दोन हात होते.